लठ्ठपणात जंतुसंसर्ग नसतानाही चरबीत दाह कसा होतो?

तुमचा प्रश्न असा: चरबी हा ऊर्जेचा नुसता साठा, मग तिथल्या रोगप्रतिकारक पेशी बिथरतात कशाने आणि त्याने रक्तातली साखर का वाढते?

या पेशी सडपातळ माणसाच्या चरबीतही असतात. इओसिनोफिल आणि नियामक टी-पेशी या पांढऱ्या पेशी तिथल्या मॅक्रोफेजना, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशींना, शांत ठेवतात. बिघाड सुरू होतो मेदपेशी फुगल्यावर. ताणाखालची मेदपेशी एमसीपी-1 हे प्रथिन सोडते, त्याच्या मागावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी चरबीत शिरतात आणि मॅक्रोफेज बनतात. उंदरांत 2003 साली दिसलं की सडपातळ प्राण्याच्या चरबीतल्या पेशींमध्ये मॅक्रोफेज 10 टक्क्यांहून कमी होते, अतिलठ्ठ प्राण्यात 50 टक्क्यांच्या वर.

बहुतेक मॅक्रोफेज मेलेल्या मेदपेशीभोवती कडं करून बसतात. मेदपेशी त्यांच्या कितीतरी पट मोठी, एका घासात गिळता येत नाही. मग बाहेरूनच विकरं सोडून तिला पचवावं लागतं, आणि हे काम रेंगाळतं. तेवढा वेळ टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-6 आणि इंटरल्युकिन-1 बीटा हे दाह भडकवणारे रेणू पाझरत राहतात.

साखरेचा संबंध इथे येतो. टीएनएफ-अल्फामुळे शेजारच्या मेदपेशीत जेएनके हे विकर जागं होतं. ते इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या आयआरएस-1 या प्रथिनावर, टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन या अमिनो आम्लाच्या जागी फॉस्फेट चिकटवतं, आणि इन्सुलिनचा निरोप तिथेच क्षीण होतो. एरवी इन्सुलिन चरबी विरघळू देत नाही. तो लगाम सुटला की मेदाम्लं यकृतात आणि स्नायूंत जाऊन तिथेही इन्सुलिनला अडथळा करतात. शिवाय हीच मेदाम्लं मॅक्रोफेजना आणखी डिवचतात.

मग टीएनएफच अडवला तर? उंदरांत 1993 साली ते जमलं. मधुमेही माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत मात्र इन्सुलिनचा परिणाम सुधारला नाही. माझ्या मते यात नवल नाही: मेदपेशी फुगलेल्याच राहिल्या तर एक रेणू अडवून भागत नाही.

दाह मोजायला एचएस-सीआरपी (दाहात वाढणारं सीआरपी हे प्रथिन रक्तात मोजणारी) चाचणी करणार असाल तर आकडा 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आल्यास आधी संसर्ग किंवा इजा आहे का ते पाहा आणि बरं झाल्यावर चाचणी पुन्हा करा. वजन उतरायला लागल्यावर लगेच सगळं निवळेल असंही धरू नका. उंदरांत सुरुवातीला चरबी वेगाने विरघळते तेव्हा ती उचलायला मॅक्रोफेज उलट वाढतात, नंतर ओसरतात.