चुकलेला पत्ता सर्व्हरने सुधारावा का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचे पत्ते वाचक चुकीचे टाइप करतात. सर्व्हरनेच ते सुधारले तर? – एक ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : वेबसाइट चालवणाऱ्या अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. कॅपिटल-स्मॉलचा घोळ आणि एका अक्षराची चूक ती सांभाळते. माझं ऐकाल तर ती कॅपिटल-स्मॉलपुरतीच चालू ठेवा. समजा, तुमच्याकडे फक्त २०१८ चा दिवाळी अंक आहे, २०१७ चा नाही. वाचकाने पत्त्यात २०१७ टाकलं, तर सर्व्हर त्याला थेट २०१८ मध्ये नेऊन सोडेल. वाचनालयात हे मुळीच चालायचं नाही! त्यापेक्षा सरळ ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संदेश दाखवा आणि खाली शोधायची सोय द्या. रोमन स्पेलिंगमधल्या 'पंजिम'चं (Panjim) 'पणजी' (Panaji) मात्र अपाचीची ही सोय करत नाही, फरक एका अक्षराहून जास्त आहे. आपल्या गावांच्या अशा जोडनावांसाठी ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं नेणारा नियम, तुम्हीच लिहून ठेवा.