हळकुंडं घरी दळली म्हणजे शिशाची भीती संपली का?

तुम्ही विचारलंय की पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० सालीच बंद झालं, हळकुंडं आणून तुम्ही स्वतः दळून घेता, दोन वर्षांची मुलगी ठणठणीत आहे, मग डॉक्टर तिच्या रक्तातलं शिसं तपासा का म्हणतायत. पेट्रोलचं बरोबर आहे. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवलं. बाकी दोन गोष्टींवर मात्र निर्धास्त राहू नका.

आधी हळकुंडं, कारण 'घरी दळली म्हणजे शुद्ध' हा समज फार पक्का आहे. बांगलादेशच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं, आणि आसपास कारखाना नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी कीटकनाशकांपासून धान्याच्या डब्यांपर्यंत बरंच काही तपासलं. रक्तातल्या आणि वस्तूंमधल्या शिशाची समस्थानिकं, म्हणजे शिशाचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, ताडून पाहिली (त्यांच्या प्रमाणावरून शिसं कुठून आलं ते ओळखता येतं), तेव्हा बोट हळदीकडे गेलं. १९८० च्या दशकात पुरामुळे हळकुंडं नीट वाळली नाहीत, काळपट पडली. ती खपावीत म्हणून पॉलिश करतानाच त्यांना लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळाजर्द रंग चोळायला लागले. पुढे गिऱ्हाईकही तोच रंग मागू लागलं. म्हणजे भेसळ अख्ख्या हळकुंडावरच! असं हळकुंड तुम्ही कितीही विश्वासाच्या गिरणीत न्या, शिसं तुमच्याच डब्यात येणार.

२०१९ मध्ये तिथल्या सरकारने छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारात इशाऱ्याची पत्रकं लावली. त्या वर्षी ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नाही. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पडल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात थोडीच असतील. आपल्याकडे हे झालेलं नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाटण्याच्या काही नमुन्यांत ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं. कायद्याची मर्यादा १० आहे. तेव्हा चकचकीत पिवळं हळकुंड दिसलं की घेऊ नका. न रंगवलेलं हळकुंड मळकटच दिसतं.

आता 'ठणठणीत'. शिशाचं हेच वाईट, बहुतेक मुलांत बाहेरून काही दिसत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, मेंदूतही जाऊ देतं. मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं लहान मुलं शोषून घेतात, अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे. बुद्ध्यांक घटतो, लक्ष लागत नाही, आणि हे नुकसान भरून येत नाही. मोठ्यांत ते रक्तदाब आणि हृदयविकार वाढवतं, त्याची चर्चा फारशी होत नाही.

घरात आणखी एक बघा: शेंदूर. मारुतीला लावतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. देव्हारा मुलीच्या हाताला लागेल इतका खाली असेल तर वर घ्या. भांड्यांना कल्हई करून घेत असाल तर कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्याला विचारा. स्वस्तातल्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं.

तपासणी शिरेतून रक्त घेऊन करा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरचं शिसं मिसळू शकतं. आकडा ५ किंवा वर आला तर आधी उगम शोधून बंद करायचा, लोह-कॅल्शियम सुधारायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचं. शिसं बाहेर काढणारी औषधं साधारण ४५ च्या वर, तीही रुग्णालयातल्या देखरेखीखाली. 'डिटॉक्स'च्या पुड्या अजिबात नकोत, काही भस्मांतच शिसं असतं.

आणि घरात कोणी बॅटरी दुरुस्तीच्या किंवा भंगाराच्या कामात आहे का, ते कळवा. असेल तर हळदीच्या आधी त्यांच्या कामाच्या कपड्यांकडे बघावं लागेल, कारण शिशाची धूळ त्यांवरून घरात येते.