जुळी पोटात असताना हिप-हॉप ऐकलेलं चालतं का? कुठले अल्बम ऐकावेत?

चालतं. मी ऐकलंय, शेवटच्या दिवसापर्यंत. पोरी आता पाच वर्षांच्या आहेत आणि दोघींचे कान शाबूत आहेत. आईची हाक सोडून सगळं ऐकू येतं.

तुम्ही लिहिलंय की सव्विसावा आठवडा आहे आणि घरचे म्हणतात, 'तसली' गाणी बंद कर, गर्भसंस्काराचं काहीतरी लाव. तो 'तसली' शब्द वाचला आणि कुकर बंद करून लिहायला बसले.

मला पाचव्या महिन्यात वन्संनी एक पेनड्राइव्ह दिला होता. स्तोत्रं, बासरी, पावसाचा आवाज. बासरी मी ऐकायचेही, खोटं कशाला बोलू. पण ऑफिसातून आल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, गुडघ्यांत उशी घ्यायची आणि लावायचा 'द लो एंड थिअरी'. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप ग्रुपचा, 1991 चा. त्यातल्या एका गाण्यात रॉन कार्टरने बास वाजवलाय, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमधला तोच. हे मी वन्संना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल गं मोठा माणूस, पण पोटातल्या लेकरांना काय कळतंय त्यातलं?" मग बासरीतलं काय कळतं, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं.

बत्तिसाव्या आठवड्यात एनएसटीला गेले, म्हणजे पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात ती तपासणी. जुळ्यांची एनएसटी म्हणजे कसरतच. तिथल्या मशीनला एकाच बाळाची सोय, म्हणून पलंगाच्या दोन्ही अंगांना दोन मशीनं मांडली. गारेगार जेल, पोटावर दोन पट्टे. उजवीकडचं बाळ सिस्टरला लगेच सापडलं. डावीकडे दहा मिनिटं शोधाशोध, शेवटी ठोके लागले. "मिळालं," म्हणाली, कागद सुरू केला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

मी पडून ऐकत होते. दोन्हीकडून घोड्याच्या टापा. आणि हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. आत दोघं आहेत ना? मग कुठेच मागेपुढे कसं होत नाही? डीजे दोन रेकॉर्डी एकावर एक लावतो तेव्हा वेगात केसाइतका फरक असला तरी ऐकू येतो. आधी ठोका जरा जाड वाटतो, मग दुहेरी होतो, मग सगळं विस्कटतं. कॉलेजपासून कान त्यावरच तयार झालेले. इथे विस्कटतच नव्हतं. एवढ्यात एक लाथ बसली. उजवीकडचा आकडा 142 वरून 155 वर गेला आणि डावीकडचाही तसाच, बरोबरीने चढला.

"सिस्टर, दोन्हीकडे एकच बाळ लागलंय."

"पहिलीच वेळ ना तुमची? पडून राहा."

"हो, पहिलीच. पण ठेका एकच आहे."

ती काही ऐकेना. मी पट्टा सोडायला लागले तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. चढउतार हुबेहूब तेच. सोनोग्राफीचं मशीन ओढत आणलं, तर दुसरं बाळ वर बरगडीपाशी जाऊन बसलेलं. प्रोब तिथे सरकवला आणि ऐकू आलं. जरा सावकाश, 130 च्या आसपास, पहिल्याशी अजिबात न जुळणारं. खोलीत नुसता कालवा झाला. मला रडू आलं. डॉक्टर म्हणाल्या, "गाणं शिकलात का?" म्हटलं, "नाही, हिप-हॉप ऐकते."

वन्सं बाहेर बाकावरच होत्या. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "बासरीने कान तयार होतोच."

पुढे पस्तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं, सिझर झालं. एक 2.1 किलोची, एक 1.9. नऊ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू. आणि बारशाला सगळ्यांसमोर वन्संचं वाक्य: "ती ढॅणढॅण ऐकली म्हणून पोरी घाबरून लवकर आल्या." त्यावर मी काहीच बोलले नाही, ते आजतागायत सलतंय. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं 37 आठवड्यांच्या आधीच येतात. पोटात जागा किती असते? त्यांच्या आया काय सगळ्या रॅप ऐकतात?

हां, तुमचा प्रश्न. साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून बाळांना ऐकू यायला लागतं. पोटातून आत जाताना वरचे सूर दबतात, खर्जातले जास्त पोहोचतात. म्हणजे बास जातो, शब्द धूसर होतात. शिव्यांची काळजी नको. आणि स्पष्ट गेल्या तरी मराठी घरात जन्म घ्यायचाय, सवय होईल.

अल्बम म्हणाल तर नास या रॅपरचा 'इलमॅटिक', 1994. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत संपतो. शेवटी शेवटी एका कुशीवर मला तेवढंच जमायचं. अल्बम संपला की कूस बदलायची. लॉरिन हिलच्या 1998 च्या अल्बममध्ये तिच्या पोटातल्या मुलावरचं गाणं आहे. करिअर बघ, असं सांगणारे लोक तिलाही भेटले होते. ते एकटीने ऐका. आणि आउटकास्ट या जोडीचा 2003 चा जोड-अल्बम. एक डिस्क बिग बॉयची, एक आंद्रेची, दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, वेष्टन तेवढं एक. नवरा पोरींना त्याच नावांनी हाक मारायचा. 'बिग बॉय' 1.9 किलोची निघाली. त्याने मुंबईच्या डिव्हाइन या रॅपरचा 'कोहिनूर'ही लावून पाहिला, पण मला तेव्हा त्याने धाप लागायची.

त्यापेक्षा महत्त्वाचं: दोघांची वार (प्लॅसेंटा) एक आहे की वेगळी, हे विचारलंत का? अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत ते नीट दिसतं, रिपोर्टवर लिहिलेलं असतं. एकच वार असेल तर दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात, ती चुकवू नका. घरच्यांना काळजीच करायची असेल तर ती करू दे. माझी वेगळी होती, म्हणून मी एवढी निवांत होते, हेही खरं.

आवाजाचं मात्र जपा. पोटाला हेडफोन लावू नका, लग्नाच्या डीजेच्या भिंतीपुढे उभं राहू नका. खोलीत बोललेलं ऐकू येईल एवढाच स्पीकर. आणि एनएसटीला जाताना इअरफोन घरी ठेवा.