अमेरिकेत बेकारी भत्ता वेळेत देण्याचं बंधन राज्यांवर आहे का?

आहे, तेही १९३५ पासून. सोशल सिक्युरिटी कायद्यानुसार भत्ता देय झाला की पूर्ण मिळेल अशी व्यवस्था राज्याने ठेवायची. केंद्राचा निकष असा: पहिल्या हप्त्यांपैकी ८७ टक्के १४ दिवसांत निघावेत, जिथे सुरुवातीचा एक आठवडा भत्त्याविना कोरा जात नाही, तिथे २१ दिवसांत.

मग घोडं अडतं कुठे? तुम्ही लिहिता ‘कामावरून काढलं’, मालक कळवतो ‘स्वतः सोडलं’. झालं, फाइल चौकशीला, आणि तिथे माणसं कमी. शिवाय संगणक जुनाट. २०२० च्या एप्रिलमध्ये दाव्यांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर सांगावं लागलं. कोबोल! आपल्याकडचे कितीतरी जण त्यावरच वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक तारखा चुकवतील या भीतीच्या, काळात तिकडे गेले होते.

२०२१ च्या कोविड मदत कायद्याने या यंत्रणेच्या सुधारणेसाठी २ अब्ज डॉलर दिले. २०२३ मध्ये सरकारच्या कर्जमर्यादेवरच्या तडजोडीत त्यातले १ अब्ज काढून घेतले. भत्ता देण्याची ही १४-२१ दिवसांची मुदत नुसती आणखी आखडून काय होणार? माझ्या मते चौकशी अधिकारी वाढवले, तरच रांग हलेल.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना मात्र नोकरी गेल्यावर हा भत्ता सहसा मिळत नाही.