डॉक्युमेंटेशन वाचण्याचे साधन निवडताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रोग्रामिंगचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषा किंवा सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणारी पाने, वाचण्यासाठी कोणते साधन वापरावे, अशी विचारणा सतत होत असते. जवळजवळ प्रत्येक पत्रात गोंधळ तोच असतो : साधनांची तुलना हिरिरीने केलेली असते, पण ते साधन कोणत्या आवृत्तीची पाने दाखवत आहे याचा उल्लेखही नसतो.

प्रश्न : माझा लॅपटॉप विंडोजचा आहे. मित्र ‘डॅश’ घ्यायला सांगतो. घ्यावे का?

नाही. डॅश हे मॅकवर डॉक्युमेंटेशन वाचण्याचे साधन आहे, ते विंडोजवर चालत नाही. त्याच कामाचे ‘झील’ वापरावे, ते मोफत आहे आणि डॅशसाठी तयार झालेले डॉकसेटच (उतरवून ठेवायचे डॉक्युमेंटेशनचे संच) वापरते.

प्रश्न : डॉक्युमेंटेशन दाखवणारे ‘डेव्हडॉक्स’ हे संकेतस्थळ इंटरनेटशिवाय चालते असे ऐकले होते. गावी गेल्यावर मात्र पाने उघडली नाहीत.

चालते, पण आपोआप नाही. इंटरनेट असतानाच तिथल्या ऑफलाइन विभागात जाऊन हव्या त्या प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेची पाने वेगळी उतरवून घ्यावी लागतात. हा साठा ब्राउझरमध्ये राहतो, त्यामुळे ब्राउझरचा डेटा पुसला की तोही जातो. निघण्यापूर्वी घरीच वायफाय बंद करून पाने उघडतात का, ते पाहावे. संगणक कार्यालयाचा असेल, तर डेटा ठरावीक काळाने पुसला जातो का, हे तेथील तंत्र विभागाला विचारावे.

प्रश्न : पायथनच्या अधिकृत पानावरून घेतलेला ‘डिस्टयुटिल्स’ या पॅकेज बनवण्याच्या मॉड्यूलचा (तयार कोडच्या भागाचा) नमुना नव्या सर्व्हरवर चालत नाही, मॉड्यूल सापडत नाही असा संदेश येतो. सहकारी म्हणतो, ‘सेटअपटूल्स’ टाक, काम होईल.

संदेश बहुधा जाईल, कारण सेटअपटूल्स हे त्याच कामाचे वेगळे पॅकेज डिस्टयुटिल्सची स्वतःची प्रत बरोबर बाळगते. परंतु तुम्ही वाचलेले पान कोणत्या आवृत्तीचे होते, हा खरा प्रश्न त्याने सुटत नाही. हे मॉड्यूल ३.१० या आवृत्तीत कालबाह्य ठरवले गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून काढून टाकले गेले. पुढे ३.१३ मधून ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ ही मॉड्यूलेही गेली. सर्च इंजिन पुष्कळदा जुन्या आवृत्तीचे पान वर आणते. ते पान अधिकृत असते, त्यातले प्रत्येक वाक्य त्या आवृत्तीपुरते खरे असते, आणि म्हणूनच ते चुकीच्या पानापेक्षा अधिक फसवते. आवृत्तीचा आकडा पानाच्या माथ्यावर छापलेला असतो. तो न वाचता ‘डॉक्युमेंटेशनच चुकीचे आहे’ असे एकमेकांना सांगत राहणे मला मुळीच मान्य नाही, कारण अशा ऐकीव निदानावर नवशिक्यांचे दिवसच्या दिवस वाया जातात.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी सर्व्हरवर पायथनची आवृत्ती तपासावी, मग डेव्हडॉक्सच्या यादीतून त्याच आकड्याची नोंद सुरू करावी. झीलमधला डॉकसेट तुम्ही बदलेपर्यंत जुनाच राहतो, हेही लक्षात असू द्यावे. पायथनबरोबरच येणारे ‘पायडॉक’ तर तुमच्या यंत्रावर बसवलेल्या मॉड्यूलमधूनच माहिती काढते, त्यामुळे तिथे आवृत्तीची गफलत होत नाही. मात्र त्यात विस्तृत विवेचन मिळत नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत ‘रस्टअप डॉक’ ही आज्ञा बसवलेल्या आवृत्तीचीच पाने उघडते. अशी सोय असेल तिथे बाहेर शोधूच नये. सेटअपटूल्स टाकायचे की तो भाग नव्याने लिहायचा, हे प्रकल्पप्रमुखांशी बोलून ठरवा, आणि हे बोलणे पुढच्या रिलीजपर्यंत लांबवू नका.

प्रश्न : लिनक्सवर माहितीपुस्तिका उघडणारी ‘मॅन’ ही आज्ञा वापरून ‘मॅन प्रिंटएफ’ लिहिले की सी भाषेतल्या फंक्शनऐवजी भलतेच पान येते.

ते शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करायच्या आज्ञेचे, पहिल्या विभागातले पान आहे; सी भाषेतली फंक्शन तिसऱ्या विभागात असतात, म्हणून ‘मॅन ३ प्रिंटएफ’ असे लिहा.

प्रश्न : क्लासवाले पायथन आणि पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या ‘संपूर्ण अधिकृत डॉक्युमेंटेशन’चा संच विकत घ्यायला सांगतात. घ्यावा का?

घेऊ नये. दोन्ही प्रकल्प आपापल्या संकेतस्थळांवर हे सर्व विनामूल्य देतात. पायथनचे एचटीएमएल व ईपब आणि पोस्टग्रेसक्यूएलचे पीडीएफ थेट उतरवता येते. मोफत मिळणाऱ्या मजकुरावर ‘अधिकृत’ असा शिक्का मारून तो विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारणे हा निव्वळ धंदा आहे. शिवाय पोस्टग्रेसक्यूएलची मुख्य आवृत्ती साधारण दर वर्षी येते, त्यामुळे विकत घेतलेला संच लवकरच मागे पडतो. क्लासवाले स्वतःच्या टिपा किंवा सोडवलेली उदाहरणे जोडून देत असतील, तर त्यांचे मोल वेगळे. पण पैसे भरण्यापूर्वी संचातील एक प्रकरण मागून घ्यावे आणि ते तुमच्या महाविद्यालयातील विषय-शिक्षकांना दाखवावे.