जुन्या सीटीपीच्या रिपला पिंग लागतो, पण फाइल अर्ध्यात अडकते. मशीन बाद झालं का?

तुम्ही लिहिलंय की सीटीपीच्या (संगणकावरून थेट छपाईची प्लेट बनवणाऱ्या मशीनच्या) रिपचा, म्हणजे फाइलचे प्लेटसाठी ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संगणक विंडोज एक्सपीवर चालतो, नेटवर्कचा जुना स्विच जळाल्यावर नवा बसवला आणि तेव्हापासून पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी छोटी चाचणी) लागतो पण प्लेटची फाइल अर्ध्यात अडकते. त्याच सुमारास घेतलेल्या विंडोज १० च्या संगणकावरून रिपचं शेअर फोल्डरही उघडत नाही. मी बरीच वर्षं प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या कामात आहे. ही लक्षणं वाचून मशीन बाद झालंय असं मला अजिबात वाटत नाही. या दोन वेगळ्या अडचणी आहेत, एकदमच आल्यामुळे एक वाटतायत.

काहीही करण्याआधी एक्सपीच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा. ती डिस्क गेली तर रिपची सेटिंग्जही तिच्याबरोबर जातील, आणि तो त्रास नेटवर्कच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता अडकणारी फाइल. माझा पहिला संशय डुप्लेक्सवर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की पाळीपाळीने (हाफ), या सेटिंगवर. अशा मशीनच्या नेटवर्क कार्डावर बसवणाऱ्या इंजिनिअरने अनेकदा ‘१०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट), फुल डुप्लेक्स’ असं हाताने ठरवून ठेवलेलं असतं. साधा नवा स्विच मात्र ऑटोवर असतो. तो समोरच्या कार्डाला विचारतो, कार्ड उत्तर देत नाही. सिग्नलवरून स्विचला १०० चा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. म्हणजे कार्ड हवं तेव्हा बोलतं, आणि स्विच त्या गोंधळाला टक्कर समजून आपलं डेटाचं पाकीट मध्येच सोडतो. विंडोजचा पिंग ३२ बाइटचा. तो एकटा जातो, एकटा परत येतो, त्याला कुणी आडवं येत नाही. मोठी फाइल सुटली की इकडून डेटा आणि तिकडून पोचपावत्या एकाच वेळी धावतात, पाकिटं गळतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि शेवटी जोडणी तुटते. म्हणून पिंग लागला म्हणजे लाइन ठीक आहे, असं धरू नका. मी स्वतः याच लक्षणावर दोन दिवस केबल आणि कार्डं बदलत होतो.

एक्सपीवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या अॅडव्हान्स्ड टॅबवर हे सेटिंग सापडेल. आधी आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग ऑटो करून एक खरी फाइल पाठवा. ऑटोवर लिंक स्थिर राहत नसेल तर १०० हाफ ठेवा. हाफ ऐकायला मागासलेलं वाटतं, पण दोन्ही बाजू एकमताने हाफवर असल्या तर काम नीट होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुटलं ते कळणार नाही.

वेगाचाही हिशोब करा. १०३० × ७९० मिमीची प्लेट २४०० डीपीआयला म्हणजे एका रंगाची वन-बिट टिफ (प्रत्येक ठिपका फक्त आहे किंवा नाही, अशी फाइल), कॉम्प्रेस न करता, साधारण ९०० एमबी. १०० एमबीपीएसवर तिला सव्वा मिनिट तरी लागणार, १० वर बारा मिनिटं. तेवढा वेळ लागला तर तो बिघाड नव्हे. मशीन १० एमबीपीएसच्या काळातलं असेल आणि नव्या स्विचवर लिंकचा दिवाच लागत नसेल, तर मध्ये एक साधा १०/१०० स्विच घाला, २.५ किंवा १० गिगाबिटचे बरेच पोर्ट १० चा वेग देतच नाहीत.

दुसरी अडचण शेअर फोल्डरची. एक्सपीला फक्त एसएमबी १, म्हणजे विंडोजची फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत, येतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते एकतर येतच नाही, किंवा काही दिवस न वापरल्यास आपोआप निघून जातं. ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने फोल्डर उघडेलही, पण सगळ्या संगणकांवर ते करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरला होता.

त्याऐवजी मध्ये एक संगणक ठेवा, त्यात दोन नेटवर्क कार्डं. एक बाकीच्यांकडे, दुसरं फक्त रिपकडे. दोन्हींचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटात हवेत, उदाहरणार्थ १९२.१६८.१ आणि १९२.१६८.५०, रिपकडच्या कार्डाचा गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचा पत्ता) रिकामा. एसएमबी १ क्लायंट फक्त इथे चालू करा, आणि एक छोटी स्क्रिप्ट फाइल उचलून रिपच्या हॉट फोल्डरमध्ये (ज्यात पडलेली फाइल रिप आपोआप उचलतो) टाकेल. त्यात एक काळजी घ्या: आधी तात्पुरत्या नावाने कॉपी, पूर्ण झाल्यावर खरं नाव. काही रिप अर्धवट आलेली फाइलच उचलतात आणि प्लेट वाया जाते. नंतर एक्सपीला इंटरनेटपासून पूर्ण तोडून टाका.

फोल्डर नावाने उघडत नसेल तर आयपीने उघडून पाहा. आयपीने उघडलं तर घोळ फक्त नाव शोधण्याचा आहे.

कार्डावर आधी कोणतं सेटिंग होतं ते कळवा. ते आधीपासूनच ऑटोवर निघालं तर माझा अंदाज चुकला, मग केबल आणि स्विचचा पोर्ट तपासू.