इराणमधल्या अबयाने गावाची लोकसंख्या किती आणि ते कुठल्या जिल्ह्यात येतं?

२००६ च्या जनगणनेत अबयानेत ३०५ माणसं होती, कुटुंबं १६०. म्हणजे घरटी जेमतेम दोन माणसं! तरणी मंडळी तेहरानला गेली, मागे बहुतेक म्हातारेच उरले. वाईट वाटतं, कारण करकस डोंगराच्या उतारावरचं हे तांबड्या मातीचं गाव फार देखणं आहे. खालच्या घराचं छत तेच वरच्याचं अंगण. बायका अजून पांढऱ्यावर फुलांची नक्षी असलेली ओढणी घेतात.

कारभाराच्या दृष्टीने ते इस्फहान प्रांतातल्या नतंज जिल्ह्यात, बर्जरूद देहेस्तानात येतं. देहेस्तान म्हणजे अनेक खेड्यांचा मिळून एक गट. फारसी सगळ्यांना येते, पण घरात त्यांची स्वतःची जुनी बोली चालते.